वरच्या मजल्याचा टॅक्स

३० डिसेंबर, मंगळवार

भरला! फॉर्म भरला! शेवटच्या दिवशी, दोनशे माणसांच्या रांगेत उभी राहून. पायांचे तुकडे पडले आहेत. आता मागे फिरणं नाही — म्हणजे दोन तारखेपर्यंत फिरता येतं, पण मी फिरणार नाही.

अपक्ष. प्रभागात चार जागा — अ, ब, क, ड. मतदाराची मतंही चार. माझी जागा ब. बायकांसाठी राखीव.

एकेका उमेदवारामागे पन्नास-पन्नास माणसं, हार, घोषणा. माझ्यामागे रितिका, आणि तीही अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून. "आई, निदान एक हार तरी घ्यायचा ना!" पोरीला कोण सांगणार, हार ऐंशी रुपयांना आहे आणि संध्याकाळी कचऱ्यात जातो.

कागद मात्र सगळे चोख. टॅक्सची थकबाकी नसल्याचा दाखला सगळ्यात वर लावला होता — दिसू दे! शपथपत्रात घराचं क्षेत्रफळ लिहायचं होतं. हे म्हणाले, "अंदाजे टाक ना." अंदाजे! एकतीस वर्षं ऑडिटमध्ये काढलेल्या बाईला सांगतात अंदाजे टाक! रितिकाला टेपचं एक टोक धरायला लावलं आणि खालचा मजला, वरच्या दोन खोल्या, जिना, सगळं मोजून लिहिलं. हे तेवढ्यात चपला घालून दुकानात निघून गेले. घरात काही मोजमाप निघालं की ह्यांना दुकानच आठवतं.

अनामत अडीच हजार. देताना हात जड झाला.

३ जानेवारी, शनिवार

चिन्ह मिळालं — कपबशी.

समोरच्या रुख्मिणीबाई हसून हसून ओट्यावर बसल्या. "शामले, तुह्या घरी चहा अर्धा कप भेटते, अन् चिन्ह पाह्य काय भेटलं!" सगळ्या गल्लीत सांगून आल्या. चला, फुकटात प्रचार झाला.

५ जानेवारी, सोमवार

सकाळी दोन गल्ल्या, संध्याकाळी तीन. घसा बसला आहे, मिठाच्या गुळण्या चालू.

मी एकच सांगते — तीन मतं ज्यांना द्यायची त्यांना द्या, चौथं मला द्या. मी काही बांधून देणार नाही. जे बांधलंय त्याला किती लागले ते विचारीन. शाळेसमोरच्या फुटपाथचे सिमेंटचे गट्टू पाच वर्षांत तीनदा बदलले. आधीचे फुटले होते का? नव्हते! ते काढून कुठे गेले? कुणाला माहीत नाही. चौकात स्वागत कमान आहे. कोणाचं स्वागत? तो रस्ता नाल्याशी संपतो, तिकडून कोणी येतच नाही!

लोक हसतात. हसले म्हणजे ऐकलं.

माझं कार्ड एकाच बाजूने छापलं आहे. मागची बाजू कोरी, मुद्दाम. घरात किराण्याची यादी लिहायला कामी येते, फेकत नाहीत. रितिका म्हणाली, "आई, हे असलं तुलाच सुचतं." कौतुक होतं की टोमणा ते कळलं नाही.

चौकातल्या बाकावर धोंडबाजी होते. पूर्वी टॅक्सच्या ऑफिसात बाबू, आता निवृत्त. दिवसभर ऊन खात बसतात. म्हणाले, "ताई, घरटॅक्सवर काय बोलता तुम्ही?" मी म्हटलं, दर वाढवायचा नाही. जे मजले कागदावर नाहीत ते आधी मोजायचे, वाढ आपोआप होते. ते बराच वेळ खाली पाहून हसत राहिले. "मोजा ताई, मोजा. लोकाइले मोठी मजा येईन."

विचित्र माणूस.

७ जानेवारी, बुधवार

लिहू की नको? लिहिते. ही वही माझी आहे.

दुपारी जेवताना ह्यांना भाषण म्हणून दाखवत होते. "आपल्या प्रभागात किती मजले टॅक्सात लागलेले नाहीत? चोरी वरची नाही, चोरी आपल्याच घरातली आहे!" — मला वाटलं होतं इथे टाळ्या पडतील. ह्यांनी वरणाची वाटी खाली ठेवली.

"ते मजल्याचं काढून टाक वं."

का?

"लोकाइले राग येईन."

येऊ द्या. एवढ्या वर्षांत कधी माझ्या बोलण्याने लोकांना राग येईल म्हणून तुम्ही जेवण थांबवलं आहे का?

"तसं नाही वं..."

ह्यांच्या 'तसं नाही वं'ला मी तेहतीस वर्षं ओळखते. ताट बाजूला सारलं आणि समोर बसले. मग निघालं सगळं.

२०११ साली वरच्या दोन खोल्या बांधल्या. मोजणीला टॅक्सचा बाबू आला — धोंडबाजीच. ह्यांनी त्याला आठ हजार दिले. वरचा मजला टॅक्सात लागू नये म्हणून. चौदा वर्षं आम्ही खालच्या मजल्याचाच टॅक्स भरतो आहोत!

मला का सांगितलं नाही, विचारलं. तर म्हणतात, "सांगितलं असतं तर तू देऊ देले असते काय? अन् पैसे वाचवाचे कोणाले राहतात या घरात? तुलेच ना! तुह्यासाठीच तर केलं!"

माझ्यासाठी! म्हणजे सांबाराच्या, कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी दोन रुपयांवरून घासाघीस करते, त्याचं हे फळ!

खरं सांगायचं तर लाच दिली म्हणून राग आधी आला की आठ हजार दिले म्हणून, ते मला आत्ताही ठरवता येत नाही. तेव्हाचे आठ हजार!

माझं प्रचाराचं ऑफिस वरच्याच खोलीत आहे. कपबशीचं बॅनर गच्चीवरून खाली सोडलं आहे. 'हिशेब द्या' असं त्यावर लिहिलं आहे.

एवढंच बरं की शपथपत्रात दोन्ही मजले मोजून लिहिले. शपथेवर खोटं बोलले नाही. दोनदा जाऊन प्रत पाहून आले. आहेत. दोन्ही आहेत.

८ जानेवारी, गुरुवार

प्रचाराला गेले नाही. पाय दुखतात म्हणून सांगितलं. पाय दुखत नाहीत.

९ जानेवारी, शुक्रवार

महापालिकेच्या झोन ऑफिसला गेले. सगळी टेबलं रिकामी, सगळे निवडणुकीच्या ड्यूटीवर. आवक घेणारा कारकून एकटाच बसला होता. त्याला अर्ज दिला — माझ्या घराचा वरचा मजला २०११ पासून कर आकारणीत नाही, मोजून लावावा, मागचा सगळा कर भरायला तयार आहे.

त्याने अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, हे कमी करायसाठी आहे ना?" नाही, म्हटलं, लावायसाठी. "लावायसाठी?" हो. मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, कॅलेंडरवरच्या कपबशीच्या कार्डाकडे पाहिलं (तिथेही पोचलं आहे!) आणि म्हणाला, "फाइल मतमोजणीनंतरच निघेल. सध्या कोणीच नाही."

शिक्का मारून पोच घेतली. पर्समध्ये ठेवली. खाली उतरून गाडीवर तर्रीपोहे खाल्ले, पूर्ण प्लेट, एकटीने. वरून आणखी तर्री मागितली. दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली होती.

१० जानेवारी, शनिवार

माझ्याविरुद्ध ब जागेवर पक्षाकडून उभ्या असलेल्या मधुवंतीताईंचं हळदीकुंकू झालं. संक्रांत बुधवारी आणि हळदीकुंकू शनिवारी! आचारसंहितेला चुकवायला की मतदानाला गाठायला, त्यांनाच माहीत. रुख्मिणीबाई जाऊन आल्या. स्टीलचा डबा मिळाला. मला आणून दाखवला, "झाकण ढिल्लं आहे," म्हणाल्या. बाई कोणाच्या बाजूची आहे ते देवालाही सांगता येणार नाही.

११ जानेवारी, रविवार

ह्यांच्याशी भांडण. मोठं.

उद्या आमच्या मैदानात माझी शेवटची सभा. मी म्हटलं, सभेत सांगणार आहे.

"अर्ज देला ना? झालं मग! आता लोकाइले काहून सांगून राहिली? इतवारीत चाळीस वर्षांचं भांड्यांचं दुकान आहे माह्यं. ताराचंदनं लाच देली म्हणतीन. गिऱ्हाईक तोंडावर हसतीन."

मी म्हटलं, तुमचं नाव घेणार नाही.

"मजला काय तू बांधला होता?"

हे खरं. ह्यांचं नाव न घेताही ह्यांचंच नाव होणार. दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी माझ्यासाठी गुळण्यांचं पाणी मात्र ह्यांनीच गरम करून ठेवलं होतं, मीठ घालून. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गप्प बसावं का? कोण पाहणार आहे? फाइल निघेल, टॅक्स भरू, संपलं. पण गट्टू बदलणारेसुद्धा असंच म्हणत असतील, कोण पाहणार आहे! मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय, मी साडी साधी नेसते एवढाच?

रितिकाला विचारलं. ती म्हणाली, "सांग. नाहीतर तू जिंकशील आणि मला रोज तुझं तोंड पाहावं लागेल."

१२ जानेवारी, सोमवार

सांगितलं.

साठ-सत्तर खुर्च्या होत्या, चाळीसेक भरल्या होत्या. गट्टू झाले, कमान झाली. मग मजल्यांवर आले. 'चोरी आपल्याच घरातली आहे' म्हटलं आणि थांबले. पर्समधून पोच काढली. मग म्हटलं, आपल्याच म्हणजे माझ्याच. माझ्या घराचा वरचा मजला चौदा वर्षं टॅक्सात नाही. तो लागू नये म्हणून पैसे दिले गेले. मला पाच दिवसांपूर्वी कळलं, चार दिवसांपूर्वी — नाही, तीन — मी अर्ज दिला. ही पोच. यानंतर मत द्यायचं की नाही तुम्ही ठरवा.

मागून कोणीतरी "बाप्पा!" म्हणालं.

आणि हे उठले! मला वाटलं होतं हे आलेच नाहीत. तिसऱ्या रांगेत, मफलर गुंडाळून बसले होते. उभे राहिले आणि माइक नसताना मोठ्याने म्हणाले, "पैसे मी देले होते. हिले माहीत नव्हतं. माहीत असतं तर मले घरातून काढलं असतं." आणि बसले.

लोक हसले. मी रडले. माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे. तेहतीस वर्षांत ह्यांच्याबद्दल इतकं काही वाटल्याचं आठवत नाही.

सभा संपली तेव्हा धोंडबाजी शेवटच्या खुर्चीवर तसेच बसून होते. त्यांचं नाव मी घेतलं नव्हतं. सगळे गेल्यावर जवळ आले. "ताई, एक मिनिट. ते तुमच्या मजल्याचं..." मी म्हटलं, तुमच्याशी मला बोलायचं नाही, आणि खुर्च्या मोजायला लागले. भाड्याच्या होत्या. ते निघून गेले.

घरी येऊन अंग इतकं हलकं झालं आहे की काय सांगू. हरले तरी हरकत नाही. खरंच नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

प्रचार संपला. रितिकाने सांगितलं की आपला व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतो आहे. अर्धे म्हणतात बाई खरी आहे, अर्धे म्हणतात बाई मूर्ख आहे. ह्यांच्या दुकानात आज नेहमीपेक्षा जास्त गिऱ्हाईक! बघायला आले होते. त्यातल्या दोघांनी परात घेतली.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सकाळपासून कोणी आलं नाही. तीळगूळ वाटीत तसाच. चार वाजता रुख्मिणीबाई आल्या. "घे तीळगूळ. अन् आज चहा दे. पुरा कप."

दिला. काठोकाठ.

१५ जानेवारी, गुरुवार

मत दिलं. स्वतःच्या नावापुढचं बटण दाबताना उगीच लाजल्यासारखं झालं.

१६ जानेवारी, शुक्रवार

तिसरी आले. मधुवंतीताई निवडून आल्या. मला चार हजार आठशे बारा मतं! चार हजार आठशे बारा माणसांनी चौथं मत मला दिलं. मी त्यांना काही बांधून देणार नव्हते, चहासुद्धा पाजला नव्हता.

आणि अनामत वाचली! अडीच हजार परत मिळणार! रितिका सांगते आहे, आई, लोक हरल्यावर असं नाचत नाहीत.

सुटले! पाच वर्षं सभा, फायली, रोज शंभर फोन, सगळ्यातून सुटले. हरल्याचं दुःख होईल म्हणून रात्रीपासून मन घट्ट करून ठेवलं होतं. ते कामीच आलं नाही. ह्यांनी अर्धा किलो पेढे आणले. अर्धा किलो! भावसुद्धा विचारला नाही. दोन खाल्ले.

मधुवंतीताईंना फोन करून अभिनंदन केलं. त्या जरा सावध होऊन म्हणाल्या, "ताई, गट्टूचं काही निघालं तर तुमचा फोन येईलच ना?" येईलच, म्हटलं. फोनला काही पैसे लागत नाहीत.

१९ जानेवारी, सोमवार

भाजीवालीने पदराच्या गाठीतून कागद काढला — माझं कार्ड! मागच्या बाजूला तिची उधारी लिहिलेली. म्हणाली, "लय कामाचं आहे वं बाई हे." सांबार दोन रुपये जास्त देऊन आणला.

घरी आले तर ओट्यावर रुख्मिणीबाई आणि त्यांच्याबरोबर तीन बायका. रुख्मिणीबाई हळूच म्हणाल्या, "शामले, माह्या बी वरच्या खोल्या टॅक्सात नाही लागल्या. माह्या बुढ्यानं बी धोंडबालेच देले होते. सहा हजार. तुह्यासारखा अर्ज मले बी लिहून दे."

बाकीच्या तिघींचंही तेच. पाच हजार, सात हजार, सहा हजार. बापरे! या धोंडबाने सगळी गल्ली पोखरली होती!

चार अर्ज लिहून दिले. पाठपोट, म्हणजे कागद कमी लागतो. अर्ज लिहिताना बायका इतक्या खुश होत्या, जणू काही हरवलेलं सापडलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

अनामत परत. अडीच हजार. मोजून घेतली.

२७ जानेवारी, मंगळवार

धोंडबाजी घरी आले. दारातच पाकीट पुढे केलं. मी मोजलं — आठ हजार, व्याज नाही.

"तुम्ही त्या दिवशी बोलूच नाही देलं ताई. अर्ज वापस घ्या. तुमचा वरचा मजला २०१२ पासून लागला आहे. मीच लावला. सगळ्या गल्लीचे लावले."

मग पैसे कशाचे घेतलेत, विचारलं.

"पैसे घेतले अन् मजले बी लावले. दोन्ही केलं. तक्रार कोण करीन? लाच देली पण काम नाही झालं, असं कोणाले जाऊन सांगतीन? त्या साली टॅक्स साऱ्याइचाच वाढला होता, कोणाच्या ध्यानात नाही आलं. मले वाटलं, पुढच्या वर्षी तरी कोणी बिल उलटून पाहीन. चौदा वर्षं झाले ताई. एकानं नाही पाहिलं."

ह्यांच्या डब्यातून बिलं काढली. चौदाच्या चौदा. प्रत्येकाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं — तळमजला, पहिला मजला. लोकांच्या गट्टूंचा हिशेब मागत फिरले मी. घरातलं बिल एकदाही उलटलं नाही. नवऱ्याने कबूल केलं, म्हणून पुरावासुद्धा मागितला नाही!

हे शेजारी उभे राहून एकेक बिल उलटत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आपण चौदा वर्षं इमानदार होतो काय वं?"

हौ, म्हटलं. आठ हजार देऊन!